दहा अंशांचा नियम

मंदाकिनी टिपणीस घरी बसून नक्की काय करतात, हे त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच धड सांगता यायचं नाही. नौपाड्यात घंटाळीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, लग्न केलं नाही, भावाची मुलगी उर्वी नोकरीसाठी त्यांच्याकडे असते, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण काम काय? समोरच्या बिऱ्हाडाला वाटायचं की बाई हवामान खात्याचं काहीतरी बघतात, कारण दार उघडं असलं की आतून "सातशे दहा, सातशे वीस, सातशे वीस" असे अंश ऐकू यायचे. आता सातशे अंश तापमान कुठल्या गावात असतं, हा प्रश्न मात्र त्यांना आठ वर्षांत एकदाही पडला नाही. धन्य आहे!

तर ऐका. फ्लाइंग स्कूलची ती छोटी, एका पंख्याची विमानं असतात ना, त्यांच्या इंजिनांचं दुखणंखुपणं मंदाताई कागदावरून ओळखत. अशा इंजिनात चार सिलिंडर असतात. विमान वर गेलं की हवा विरळ होते, म्हणून पायलट समोरचा मिक्स्चरचा लाल नॉब हळूहळू बाहेर ओढून पेट्रोल कमी करत नेतो. याला लीनिंग म्हणतात. पेट्रोल कमी होत गेलं की सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर आधी तापत जातो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि मग निवायला लागतो. चारही सिलिंडरांनी हे शिखर साधारण एकाच वेळी गाठलं, तर चौघांना सारखं मिळतंय असं समजायचं. एकानं आधीच गाठलं, तर ते बिचारं उपाशी आहे. त्याला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीत, नोझलमध्ये, काहीतरी अडकलंय, आणि ते नको तेवढं तापून एक दिवस दगा देणार. विमानातलं यंत्र ही तापमानं, आणि ताशी किती लिटर पेट्रोल जातंय ते, दर सेकंदाला नोंदवून ठेवतं. त्या फाइली मंदाताईंकडे यायच्या, आणि मंदाताई एका पानाचा रिपोर्ट द्यायच्या.

त्या रिपोर्टवर कुणी दुसरं मत घेत नसे. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात बाईंनी छत्तीस वर्षं विमानांची मीटर उघडून, पुसून, लावून दिलेली. तिथे लागल्या तेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या होत्या, आणि सबंध खात्यात एकटी बाई. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी एका मीटरचं रीडिंग लिहिलं, सहाशे सत्तेचाळीस. भाऊ नावाचे फोरमन होते, त्यांनी वही बघितली आणि सगळ्यांसमोर हाक मारली.

"बाई, हा सात कुठनं आणलात?"

"काटा चाळीस आणि पन्नासच्या मध्ये होता. पन्नासच्या जरा जवळ."

"जरा जवळ म्हणजे सात? डायलवर दहा-दहाच्या रेघा आहेत. मला त्यात सात दाखवा."

दाखवणार कुठून! मंदाताई उभ्याच्या उभ्या लाल झाल्या. भाऊ ओरडले नाहीत, पण बोलले ते कायमचं बसलं. म्हणाले, "जे दिसत नाही ते लिहायचं नाही. अंदाजानं लिहिलेला आकडा म्हणजे खोटा आकडा. वर माणसं बसलेली असतात, बाई."

तेव्हापासून मंदाताई दहाच्या खालचा अंश लिहीत नसत. ही त्यांची शिस्त होती, अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती.

निवृत्त झाल्यावर फाइलींचं काम सुरू झालं, तेव्हा पहिलीच फाइल उघडून बाईंच्या कपाळावर आठी. सातशे तेरा, सातशे सोळा, सातशे चौदा, सातशे सतरा. सेकंदाला एक आकडा, आणि एकेक अंश मोजलेला! "काय पोरखेळ आहे हा," त्या उर्वीला म्हणाल्या. "धुरात जी सळई बसवलीय तिचीच पाच अंशांची चूक असते, आणि हे शहाणं मला सतरा सांगतंय." मग त्यांनी स्वतः बसून एक्सेलची शीट बनवली. प्रत्येक आकडा जवळच्या दहावर गोल करायचा, आणि सहा ओळींतली एकच ओळ घ्यायची. झालं! थरथर गेली, रेघा कशा स्वच्छ, पायरीपायरीच्या. शिखराच्या जागी एक सपाट पायरी यायची. चौघांच्या सपाट पायऱ्या एकमेकींवर आल्या की बाई लिहायच्या, "चारही सिलिंडर एकत्र. इंजिन ठीक."

"आत्या, तुझे ग्राफ म्हणजे नुसते जिने आहेत गं," उर्वी चिडवायची.

"जिने असू देत. पाय घसरत नाही कुणाचा."

अशा दोनशे चौदा रिपोर्टांवर त्यांची सही होती.

यंदाच्या मार्चमध्ये एक रिपोर्ट गेला होता एका फ्लाइंग स्कूलला. त्यांची धावपट्टी घाटापलीकडे, पण ऑफिस नौपाड्यातच, मंदाताईंच्या घरापासून दहा मिनिटांवर. दर शंभर तासांच्या उड्डाणानंतरचं मोठं इन्स्पेक्शन झालं होतं, चाचणीचं उड्डाण झालं, फाइल आली, बाईंनी "ठीक" लिहून दिलं. जूनमध्ये त्याच विमानाचं इंजिन हवेत धडधडायला लागलं. इन्स्ट्रक्टर हुशार, त्यानं जवळच्या धावपट्टीवर नीट उतरवलं. कुणाला ओरखडा नाही. इंजिन उघडलं तर तीन नंबर सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळालेला, आणि त्याच्या नोझलमध्ये कचऱ्याची बारीक खपली.

दोष आला सुदेश गुरववर. हा सुदेश डोंबिवलीचा, आयरे रोडला राहणारा, मूळचे ते लोक लांज्याकडचे. वर्कशॉपात दोन वर्षं मंदाताईंच्या हाताखाली शिकलेला, मग परीक्षा देऊन लायसन्स मिळवून त्या स्कूलमध्ये इंजिनिअर झालेला. पस्तिशीचा, कमी बोलणारा. शिकत असताना त्याला एक खोड होती. मशीन चालू झालं की डोळे मिटून ऐकत उभा राहायचा, आणि मंदाताई खेकसायच्या, "डोळे उघड रे. कान म्हणजे काय मीटर आहे?"

स्कूलच्या चीफ इंजिनिअरचा, सौमित्र गुप्ते यांचा, मेल आला. गुरुवारी अकरा वाजता चौकशीची दुसरी बैठक आहे, आपण आलात तर बरं, आपल्या रिपोर्टची फक्त खातरजमा करायची आहे. खाली आरोप लिहिला होता. मार्चमध्ये सिलिंडर ठीक असल्याचा श्रीमती टिपणीस यांचा रिपोर्ट आहे. त्यानंतर इंजिनाला हात लागला तो एकदाच, तेलबदलीला, आणि तो सुदेशचा. म्हणजे तेव्हा त्यानं नोंद न करता नोझल उघडलं आणि बिघडवलं. पुरावा म्हणून मेंटेनन्स वहीच्या पानाची कॉपी जोडली होती.

त्या पानावर सुदेशच्या बारीक अक्षरात मार्चच्या तारखेची एक ओळ होती. "जमिनीवर चालवून पाहिले. तीन नंबरचा आवाज वेगळा वाटतो." आणि ही ओळ दोन दिवसांनंतरच्या तारखेनं एक सरळ रेघ मारून खोडलेली, शेजारी त्याचीच सही.

मंदाताईंचं डोकं सणकलं. मनात शंका होती, लिहिली, आणि मग खोडली? नंतर गुपचूप नोझल उघडून बघितलं असणार! असा कसा वागला हा? आपण शिकवलेला पोरगा! विनानोंदीचं काम म्हणजे लायसन्सच जाणार, आणि दुसरीकडे कुणी दारातही उभं करणार नाही. त्यांनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मंगळवारी दुपारी जेवण आटपून बाई तडक डोंबिवलीला गेल्या.

दार सुदेशच्या आईनं उघडलं. हौसाबाईंनी त्यांना ओळखलं, पदर सारखा केला. "या वो, या. बसा. तो हाय आतच. चार दिवस झाले, जेवतो न् भिंतीकडे तोंड करून बसतो. तुम्ही तरी बोला त्याच्याशी. तुमचं ऐकंल तो."

सुदेश बाहेर आला. दाढी वाढलेली. मंदाताई बसल्याही नाहीत.

"नोझल उघडलंस का रे?"

"नाही मॅडम."

"खरं सांग."

"आईशपथ नाही. तेल बदललं, फिल्टर बदलला, वरचं काउलिंगचं झाकण लावलं. नोझलला बोट नाही लावलं."

"मग ती ओळ का खोडलीस?"

सुदेशनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"अरे बोल ना! चौकशीत विचारलं असेल की हेच."

"विचारलं ना. सारखं तेच विचारत होते."

"मग काय सांगितलंस?"

"काय नाय सांगितलं."

"का?"

त्यानं मान वर केली. "मॅडम, ती ओळ मी लिहिलेली इन्स्पेक्शनच्या दिवशी. मला तीन नंबर खरंच वेगळा वाटलेला. नोझल परत काढायला बसणारच होतो, पण म्हटलं तुमचा रिपोर्ट येऊ दे. तुमचा रिपोर्ट आला, चारही ठीक. मग माझ्या कानाला काय विचारायचं? तुम्हीच सांगायचात, कान मीटर नाही. म्हणून खोडलं."

"हे तिथे सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता मॅडम? की रिपोर्टच चुकला असेल. ते कसं बोलू मी? तुमचं नाव कशाला घेऊ?"

हौसाबाईंनी चहा आणला होता, तो तसाच राहिला. मंदाताईंना राग आला, पण कोणाचा ते कळेना. "माझं नाव घेतल्यानं मी काही विरघळणार नव्हते," असं काहीतरी फणकाऱ्यानं बोलून त्या जिना उतरल्या. घरी येईपर्यंत डोक्यात एकच. माझा रिपोर्ट बरोबर आहे, हे मी त्याला दाखवून देणार. बरोबर असायलाच हवा. छत्तीस अधिक आठ वर्षं झाली, एक आकडा कधी खोटा लिहिला नाही.

त्यांनी मार्चची शीट उघडली. चार जिने, चार सपाट पायऱ्या. तीन नंबरची पायरी किंचित डावीकडे सुरू होत होती, पण बाकीच्या तिघींवर येत होती. ठीकच तर आहे! बाईंनी श्वास सोडला.

उर्वी तेव्हा बाथरूमबाहेरच्या वजनकाट्यावर उभी होती. तिचं ते रोजचं खूळ.

"किती?" मंदाताईंनी उगाच विचारलं.

"बासष्ट पूर्णांक चार. काल सहा होतं. दोनशे ग्रॅम उतरलं!"

"अगं, तो काटा दोन किलो जास्त दाखवतो. दवाखान्यात बघितलं ना आपण? खोटा आकडा घेऊन काय नाचतेस?"

"जास्त दाखवतो ते माहितीये गं आत्या. पण रोज तेवढाच जास्त दाखवतो ना? मला खरं वजन कुठे हवंय? उतरतंय की चढतंय तेवढंच बघायचंय."

एवढं बोलून उर्वी गेली आपली डबा घासायला. मंदाताई मात्र खुर्चीत बसल्या त्या हलल्याच नाहीत. उतरतंय की चढतंय. शिखर म्हणजे तरी दुसरं काय? चढणं थांबून उतरणं सुरू झालं तो क्षण. त्यासाठी खरं तापमान कुणाला हवं होतं? सळई पाच अंश चुकत असली तर सगळेच आकडे पाच अंशांनी चुकणार, पण चढ तो चढच, उतार तो उतारच. आणि तोच चढउतार, एकेका अंशाचा, त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता.

त्या राम मारुती रोडला जाऊन ग्राफपेपर घेऊन आल्या. शीट बंद केली, मूळ फाइल उघडली, आणि जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन एकेक सेकंद, एकेक अंश, हातानं मांडायला बसल्या. थरथर होतीच. ठिपके दोन अंश वर, दोन अंश खाली. पण शंभरेक ठिपके पडले तशी त्या थरथरीतून टेकडी दिसायला लागली. स्पष्ट. एक, दोन आणि चार नंबरच्या टेकड्यांचे माथे ताशी साडेतेहतीस लिटर पेट्रोलच्या आसपास. तीन नंबरचा माथा साडेछत्तीस लिटरला. ताशी तीन लिटरचा फरक! दोनच्या वर गेला की नोझल काढायचं, हे तर त्या स्वतः शिकवत आल्या होत्या. दहावर गोल केल्यावर टेकड्यांचे माथे छाटले गेले होते, उरली होती रुंद पठारं, आणि पठारं एकमेकांवर येणारच.

तीन नंबर मार्चमध्येच उपाशी होता. सुदेशनं ते ऐकलं होतं, लिहिलं होतं, आणि बाईंच्या सहीकडे बघून खोडलं होतं.

लाज वाटली. अंगभर लाज वाटली. आणि लगेच भीतीही वाटली, ते लपवण्यात अर्थ नाही. स्कूलवाले पाठवलेल्या फाइलीची प्रत ठेवत नसत, म्हणून मूळ फाइल जगात एकाच ठिकाणी होती, मंदाताईंच्या कॉम्प्युटरवर. विमानातल्या यंत्रात जुन्यावर नवीन नोंदी चढतात, मार्च तिथून केव्हाच गेला होता. म्हणजे बाईंनी फाइल मिटवली तर कुणाला काही कळणार नव्हतं. बुधवारचा आख्खा दिवस त्यांनी तो ग्राफ चादरीच्या घडीखाली ठेवून काढला. दोनदा भाजी जाळली. भाऊंचा राग आला, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा! मग त्यांचं त्यांनाच कळलं की भाऊंचं काही चुकलं नव्हतं. काट्याच्या मीटरला दहाच्या खालचं दिसत नव्हतं, म्हणून लिहायचं नव्हतं. या यंत्राला दिसत होतं. दिसत असलेलं बाईंनी लिहिलं नाही. मनातून हिशेब पक्का झाला, तरी ग्राफ घडीखालीच राहिला.

"आत्या, बरं नाहीये का?" उर्वीनं विचारलं.

"चूक झालीय गं माझी. मोठी."

उर्वीला वाटलं भाजीबद्दल बोलतायत. "जाऊ दे ना, मागवू काहीतरी," म्हणाली.

गुरुवारी अकराला मंदाताई ऑफिसात पोचल्या. टेबलाच्या एका बाजूला सौमित्र गुप्ते आणि स्कूलची दोन माणसं, दुसऱ्या बाजूला सुदेश, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. सौमित्र उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्हाला त्रास दिला. पाच मिनिटांचं काम आहे. हा मार्चचा रिपोर्ट तुमचाच ना?"

"माझाच. आणि चुकीचा आहे."

मंदाताईंनी पिशवीतून ग्राफपेपर काढून टेबलावर पसरला, शेजारी छापलेला जिना ठेवला, आणि न थांबता सगळं सांगितलं. दहाचा गोल आकडा, सहातली एक ओळ, छाटलेले माथे. "चाचणीच्या दिवशी तीन नंबर तीन लिटर आधी शिखरावर जात होता. खपली तेव्हाच अडकलेली होती. तेलबदलीचा काही संबंध नाही. यानं ओळ लिहिली ती बरोबर होती. खोडली ती माझ्या रिपोर्टमुळे."

सौमित्र बराच वेळ ठिपके बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, उलट बाईंबद्दल त्यांना फार आदर होता. म्हणूनच म्हणाले, "मॅडम, एक करू या. सॉफ्टवेअरमध्ये एरर होती असं लिहू. सुदेशही सुटेल, आणि तुमचं..."

"सॉफ्टवेअर कुठलं हो? शीट मी बनवली. मी स्वतः बसून दहावर गोल केलं, हौसेनं केलं. तसंच लिहा. आणि हे एका रिपोर्टपुरतं नाही. माझे दोनशे चौदा आहेत, सगळे असेच."

आता मात्र समोरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुदेश बाईंकडे बघतही नव्हता. समोरच्या ठिपक्यांच्या कागदावरच नजर लावून बसला होता, आणि त्याचे डोळे भरले होते. मंदाताईंना वाटलं होतं, आपण त्याला सोडवलं म्हणून तो निदान एकदा हसेल. तो हसला नाही. त्याचं तरी काय चुकलं? मार्चपासून त्याला स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडायला लावला होता सगळ्यांनी, बाईंसकट.

सुदेश सोमवारपासून कामावर गेला. मंदाताईंनी सगळ्या फ्लाइंग स्कूलना पत्र पाठवलं, स्वतःच्या नावानं, स्वतःची चूक स्वच्छ लिहून. दोघांनी काम काढून घेतलं. एकानं उत्तरसुद्धा दिलं नाही. दोनशे चौदा रिपोर्टांतली अजून उडणारी इंजिनं अडतीस निघाली. ती तपासून होईपर्यंत लीनिंग करायचं नाही, लाल नॉब पूर्ण आत ठेवूनच उडायचं, म्हणजे उपाशी सिलिंडरलाही पुरेसं पेट्रोल मिळेल, अशी सूचना निघाली. आणि बाई रोज सकाळी आंघोळ आटपून बसू लागल्या, एकेक सेकंद, एकेक अंश. मान आखडायची. दिवसाला एक, फार तर दोन इंजिनं व्हायची.

पहिली अकरा ठीक निघाली. बाराव्याचे ठिपके मांडताना मंदाताईंचा हात अर्ध्यावरच थांबला. दोन नंबरचा माथा बाकीच्यांच्या चार लिटर आधी! जळालेल्या त्या इंजिनापेक्षाही वाईट. विमान सुदेशच्याच स्कूलचं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. त्यांनी सुदेशला फोन लावला. चौकशीनंतर त्यांचं एकदाही बोलणं झालं नव्हतं.

"सुदेश, तुमचं ते निळ्या पट्ट्याचं विमान. उडवू नका. दोन नंबर उपाशी आहे. चार लिटरचा फरक."

सुदेश म्हणाला, "मॅडम, ते वर आहे."

"वर म्हणजे?"

"शिकाऊ पायलट आहे, कल्पिता, ती घेऊन गेलीय. एकटी आहे. लांबचं उड्डाण, निघून वीस मिनिटं झाली."

"नॉब आत ठेवायचा सांगितलंय ना तिला?"

"सांगितलंय. पण हाताला सवय असते मॅडम. वर पोचलं की ओढतातच. थांबा, ठेवू नका फोन."

तो धावत सुटला. फोन त्याच्या हातातच असणार, कारण बाईंना बुटांचा आवाज येत होता, दार आपटल्याचा आवाज आला, मग वायरलेसची खरखर. सुदेशनं विमानाचा नंबर पुकारला. उत्तर नाही. पुन्हा पुकारला. मंदाताई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्यांनी त्या मुलीला कधी बघितलेलं नव्हतं, पण तिची आई आत्ता घरी काहीतरी करत असेल, कुकर लावत असेल, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर एक बारीक आवाज उमटला.

"कल्पिता, मिक्स्चर कुठंय?" सुदेशनं विचारलं.

खरखर. "सर, लीन केलंय... सॉरी सर, विसरले. इंजिन थोडं रफ वाटतंय."

"काही घाबरायचं नाही. लाल नॉब पूर्ण आत ढकल. हळू, पण पूर्ण. केलंस? आता वळ आणि परत ये. नॉबला हात लावायचा नाही."

बावीस मिनिटं लागली. सुदेशनं फोन कापला नाही आणि बाईंनीही नाही. मध्ये तो एवढंच सांगायचा, "दहा मैल." "पाच." मंदाताई हं म्हणायच्या. कधी नव्हे ते बाईंनी देवाचं नाव घेतलं. मग लांबून एक घरघर ऐकू आली, वाढली, आणि जमिनीवर येऊन मंदावली.

"उतरली, मॅडम."

मंदाताई खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. सगळं मिळून रडू आलं, त्या मुलीचं, सुदेशच्या त्या खोडलेल्या ओळीचं, दोनशे चौदा सह्यांचं. पलीकडे सुदेश ऐकत होता.

"सुदेश," शेवटी त्या म्हणाल्या, "तू लिहिलेलं खरं होतं रे. मी तुला खोटं पाडलं. चुकले मी. त्या दिवशी तिथे सगळ्यांना सांगितलं, तुला सांगायचं राहिलं."

सुदेशनं विचारलं, "अजून किती राहिलीत मॅडम?"

"सव्वीस."

"त्यातली आमची किती?"

"सात."

"आमची आधी घ्या. नंबर सांगा, मी एकेक उभं करून ठेवतो. तुम्ही ठिपके मांडा, मी इथे चालवून ऐकतो. दोघांचं जुळलं तरच सोडायचं."

मंदाताईंनी डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकला आणि पुढची फाइल उघडली.